नाके तेच, नाकेदार नवा
मोझांबिकची पन्नास वर्षे आणि वसाहतोत्तर राज्यांच्या घसरणीचे मूळ

ऑक्टोबर २०२४ या एकाच महिन्यात आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील दोन देशांत मतदान झाले. ९ ऑक्टोबरला मोझांबिकमध्ये आणि ३० ऑक्टोबरला बोत्स्वानात. बोत्स्वानात १९६६ च्या स्वातंत्र्यापासून सलग ५८ वर्षे सत्तेवर असलेला पक्ष पराभूत झाला. मतमोजणी पूर्ण होण्याआधीच राष्ट्राध्यक्ष मोकग्वेत्सी मासिसी यांनी पराभव मान्य केला आणि १ नोव्हेंबरला विरोधी आघाडीचे डुमा बोको यांचा शपथविधी झाला. सत्तांतर शांततेत पार पडले.

मोझांबिकमध्ये नेमके उलटे घडले. तेथे १९७५ पासून फ्रेलिमो हा पक्ष अखंड सत्तेवर आहे. विरोधी उमेदवार व्हेनान्सिओ मोंडलाने यांचे वकील निकालाला न्यायालयात आव्हान देण्याच्या तयारीत होते. मतदानाला दहा दिवस होतात न होतात तोच ते आणि त्यांच्यासोबतचा एक पक्षपदाधिकारी यांना राजधानी मापुतोत भररस्त्यात गाडीतच गोळ्या घालून ठार करण्यात आले. मतमोजणीत फेरफार झाल्याचे युरोपीय संघाच्या निरीक्षकांनी नमूद केले. तरीही २३ डिसेंबरला घटनात्मक परिषदेने फ्रेलिमोचे डॅनिएल शापो यांना सुमारे ६५ टक्के मते मिळाल्याचे जाहीर केले. त्याआधी निवडणूक आयोगाने हाच आकडा ७० टक्क्यांहून अधिक सांगितला होता. त्यानंतरच्या आणि आधीच्या निदर्शनांत मिळून तीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद तेथील नागरी संघटनांनी केली आहे.

दोन्ही देश वसाहती होते. स्वातंत्र्याच्या वेळी दोन्ही अत्यंत दरिद्री होते. दोन्हींच्या भूगर्भात पुढे अमाप संपत्ती सापडली. मग एकाची वाटचाल अशी आणि दुसऱ्याची तशी का झाली? या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे नेहमी पुढे केली जातात. एक म्हणजे सारा दोष गोऱ्या राज्यकर्त्यांचा. दुसरे म्हणजे या लोकांना राज्य करताच येत नाही. दुसऱ्या उत्तराचा सूर गोव्यातही अपरिचित नाही. पोर्तुगीजांच्या काळी सारे कसे शिस्तीत होते, हे उद्गार येथील काही दिवाणखान्यांतून अजूनही ऐकू येतात. मोझांबिकचा इतिहास पाहिला तर ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात. गोव्याचा मालक तोच मोझांबिकचाही मालक होता. त्यामुळे हा इतिहास गोमंतकीय वाचकाला परका नाही.

राज्य कशासाठी उभारले होते?

१७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालत असे. झांबेझी नदीच्या खोऱ्यात पोर्तुगीज राजसत्तेने मोठमोठ्या जमिनी पट्ट्याने दिल्या, त्यांच्या धारकांत गोमंतकीयही होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोरोंगोझा भागात स्वतःचे खासगी सैन्य बाळगून दहशत निर्माण करणारा मानुएल आंतोनिओ द सोझा हा जमीनदार जन्माने गोमंतकीयच होता. साम्राज्याच्या या यंत्रणेत गोव्याची माणसे प्रजा होती, तशीच तिचे हस्तकही होती, हे विसरून चालणार नाही.

मात्र हे राज्य प्रजेच्या कारभारासाठी उभारलेले नव्हते. १८९१ नंतर लिस्बनने देशाचे मोठे भाग चक्क कंपन्यांना भाड्याने दिले. मानिका आणि सोफाला हा मध्य भाग मोझांबिक कंपनीकडे १९४२ पर्यंत राहिला, तर उत्तरेकडचा भाग नियासा कंपनीकडे १९२९ पर्यंत राहिला. या कंपन्या झोपडीपट्टी वसूल करीत, म्हणजे प्रत्येक झोपडीमागे कर घेत, आणि तो न देणाऱ्याला वेठीला धरीत. ही वेठ 'शिबालो' या नावाने ओळखली जाई. १९३८ पासून शेतकऱ्यांवर कापसाची सक्ती आली. अन्नधान्य सोडून कापूस पिकवायचा आणि ठरवून दिलेल्या भावाने तो सवलतदार कंपनीलाच घालायचा, असा तो व्यवहार होता.

दक्षिणेतील पुरुषांच्या कष्टाचा तर घाऊक सौदा झाला. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींना मजूर पुरवायचे आणि त्यांच्या वेतनाचा एक हिस्सा ते मायदेशी परतेपर्यंत रोखून ठेवायचा, अशी तरतूद १९२८ च्या करारात होती. पुढे ही थकीत रक्कम पोर्तुगालला सोन्याच्या रूपात मिळू लागली. मजुराच्या हाती स्थानिक चलन येई, बाजारभावातील फरकाचा नफा लिस्बनच्या पदरात पडे.

या देशाचा नकाशा पाहिला तरी राज्याचा हेतू ध्यानात येतो. लोहमार्ग अंतर्भागातून बंदराकडे, म्हणजे पूर्व-पश्चिम धावतात. उत्तर आणि दक्षिण जोडणारा लोहमार्गच नाही. ट्रान्सवालच्या सोन्याला जवळचे बंदर म्हणून १८९८ मध्ये राजधानीदेखील देशाच्या अगदी दक्षिण टोकाला, लोरेन्सो मार्किशला, म्हणजे आजच्या मापुतोला हलवण्यात आली. उत्तर टोकाचा काबो देल्गादो प्रांत तेथून सुमारे अडीच हजार किलोमीटरवर राहिला.

इतिहासकार फ्रेडरिक कूपर यांनी आफ्रिकेतील अशा राज्यांचे वर्णन द्वारपाल राज्य असे केले आहे. मराठीत त्याला नाकेदार राज्य म्हणता येईल. जुन्या जकात नाक्यावरचा नाकेदार गावाचा कारभार पाहत नाही. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या मालावर तो हात ठेवतो. त्याचे पोट गावकऱ्यांच्या समृद्धीवर चालत नाही, म्हणून गावकऱ्यांना हिशेब देण्याची त्याला गरजही वाटत नाही. वसाहतीचे राज्य असे होते. बंदर, सीमाशुल्क, परवाने, मजुरांची निर्यात आणि परकीय कर्ज ही त्याची नाकी होती. नाक्याच्या पलीकडे देश म्हणून जे काही होते, तेथे राज्य पोचत असे ते केवळ कर आणि चाबूक घेऊन.

हाती आलेला वारसा

सालाझारच्या राजवटीत मोझांबिकची बहुसंख्य जनता कायद्याने 'देशी' ठरवली गेली होती. नागरिकत्व नव्हे, तर वेगळ्या नियमांखालचे प्रजापण तिच्या वाट्याला आले. गोवेकरांना हे कलम लागू नव्हते. कागदोपत्री तरी ते नागरिक होते. मोझांबिकमध्ये पोर्तुगीज भाषा, राहणी आणि उत्पन्न यांच्या कसोट्या उतरून 'आत्मसात' झालेल्यांची संख्या १९५० मध्ये सुमारे ५७ लाख लोकसंख्येत पाच हजारांच्याही आत होती. ही व्यवस्था १९६१ मध्ये, म्हणजे गोवा मुक्त झाला त्या वर्षी, रद्द करण्यात आली. तोवर चार शतके उलटली होती.

१९६२ मध्ये दार-एस-सलाम येथे फ्रेलिमोची स्थापना झाली आणि २५ सप्टेंबर १९६४ रोजी सशस्त्र लढा सुरू झाला. संस्थापक एदुआर्दो मोंडलाने यांची १९६९ मध्ये पार्सल बॉम्बने हत्या झाली. त्यानंतर सामोरा माशेल यांच्याकडे नेतृत्व आले. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमध्ये लष्करानेच हुकूमशाही उलथवली आणि २५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाला. फ्रेलिमो आणि नवे पोर्तुगीज सरकार यांच्यातील गुप्त वाटाघाटींत निरोप पोचवण्याचे काम गोव्यात जन्मलेले आकिनो द ब्रागांझा यांनी केले होते. ते पुढे माशेल यांचे निकटचे सल्लागार झाले.

स्वातंत्र्याच्या वेळी नव्वद टक्क्यांहून अधिक जनता निरक्षर होती. दोन लाखांच्या आसपास पोर्तुगीज वसाहतकरी वर्ष-दोन वर्षांत देश सोडून गेले. डॉक्टर, अभियंते, यंत्र चालवणारे, हिशेब ठेवणारे, इतकेच काय दुकानदारही गेले. जाताना कित्येकांनी यंत्रसामग्री मोडून टाकली. नव्या सरकारच्या हाती शासन आले, पण ते चालवणारे हात आले नाहीत. गोरा राज्यकर्ता दोषी आहे हे उत्तर इथवर खरे आहे.

मुक्तिदाता झाला मालक

पुढचे सारे मात्र त्याच्या माथी मारता येत नाही. फ्रेलिमोने एकपक्षीय राज्य जाहीर केले. शाळा आणि दवाखाने गावोगाव नेण्याचा प्रामाणिक प्रयत्न त्याने केला आणि साक्षरता वाढलीही. परंतु त्याच हाताने शेतकऱ्यांना सामूहिक खेड्यांत लोटले, पारंपरिक गावप्रमुखांना मोडीत काढले, मतभेद असणाऱ्यांना 'पुनर्शिक्षण' छावण्यांत डांबले. १९८३ मध्ये तर शहरांतील 'अनुत्पादक' ठरवलेल्या हजारो लोकांना उचलून नियासाच्या ओसाड भागात पाठवण्यात आले. लोकांना न विचारता त्यांचे भले करण्याची रीत वसाहतीच्या अधिकाऱ्याचीच होती. आता ती क्रांतीच्या भाषेत बोलू लागली.

या असंतोषाला शेजाऱ्यांनी शस्त्रे पुरवली. रेनामो ही बंडखोर संघटना ऱ्होडेशियाच्या गुप्तचर खात्याने उभी केली आणि १९८० नंतर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने ती पोसली. १९७७ ते १९९२ या काळातील यादवीत युद्ध आणि दुष्काळ मिळून सुमारे दहा लाख माणसे मेली. शाळा, दवाखाने, पूल हीच रेनामोची लक्ष्ये होती, म्हणजे राज्य जेथे नाक्यापलीकडे पोचू पाहत होते तीच ठिकाणे. १९ ऑक्टोबर १९८६ रोजी माशेल यांचे विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत एम्बुझिनी येथे कोसळले. त्यात आकिनो द ब्रागांझाही मृत्यू पावले. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोममध्ये शांतता करार झाला आणि १९९४ मध्ये पहिली बहुपक्षीय निवडणूक झाली.

शांतता आली, पण तिच्यासोबत एक नवे नाके उघडले. नाणेनिधी आणि जागतिक बँक यांच्या अटींनुसार सरकारी उद्योगांचे खासगीकरण सुरू झाले. विकत घेण्याइतके भांडवल कोणाकडेच नव्हते. ओळख मात्र होती. कालचे समाजवादी सेनानी आणि मंत्री पाहता पाहता कंपन्यांचे भागीदार झाले. काजूची कथा गोव्याने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. ब्राझीलमधून पोर्तुगीजांनी हे झाड गोव्यात आणले, तसेच मोझांबिकमध्येही नेले. काजूवर प्रक्रिया करणारे कारखाने हा त्या देशातील मोजक्या उद्योगांपैकी एक होता. १९९५ नंतर जागतिक बँकेच्या आग्रहाने कच्च्या बियांवरील निर्यातकर घटवण्यात आला, बिया भारतातील कारखान्यांकडे वळल्या आणि तेथील हजारो कामगारांचा, त्यांतही मोठ्या संख्येने स्त्रियांचा, रोजगार गेला.

विदेशी मदत ही तर वेगळीच मिळकत झाली. एक काळ असा होता की अंदाजपत्रकाचा निम्म्याच्या आसपास हिस्सा देणगीदार राष्ट्रे उचलत. ज्या सरकारचा खर्च नागरिकांच्या करावर चालत नाही, त्याला नागरिकांपेक्षा देणगीदाराची मर्जी अधिक महत्त्वाची वाटते. सरकारी बँकांतील लुटीचा पाठपुरावा करणारे पत्रकार कार्लोस कार्दोझो यांची २२ नोव्हेंबर २००० रोजी मापुतोत हत्या झाली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका बुडीत बँकेची झाडाझडती घेणाऱ्या अधिकाऱ्याचा तिच्याच इमारतीत जिन्याच्या पोकळीतून खाली पडून मृत्यू झाला आणि तोही खून असल्याचे मानले गेले. नाक्याचा हिशेब मागणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते, हे साऱ्या देशाने पाहिले.

दोनशे कोटींचे गुपित

२०१० च्या सुमारास काबो देल्गादोच्या किनाऱ्यापाशी समुद्रतळाखाली नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे सापडले. वायूचा एक घनफूटही विकला जाण्याआधी त्याच्या आशेवर कर्जे उचलली गेली. २०१३ आणि २०१४ मध्ये तीन नव्या सरकारी कंपन्यांनी ट्यूना मासेमारीच्या नौका आणि किनारा सुरक्षेची सामग्री यांच्या नावाने क्रेडिट सुईस आणि रशियाची व्हीटीबी या बँकांकडून २०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम घेतली. संसदेच्या मान्यतेशिवाय अर्थमंत्री मानुएल शांग यांनी हमीपत्रांवर सह्या केल्या. यातील बरीचशी रक्कम नाणेनिधीपासूनही दडवून ठेवण्यात आली.

२०१६ मध्ये गुपित फुटले. नाणेनिधीने आणि देणगीदारांनी मदत थांबवली, चलन कोसळले आणि जानेवारी २०१७ मध्ये देशाने रोख्यांवरील व्याज चुकवले. अमेरिकी तपास यंत्रणांच्या आरोपानुसार सुमारे २० कोटी डॉलर लाच आणि दलालीत गेले होते. शांग यांना डिसेंबर २०१८ मध्ये जोहान्सबर्गला अटक झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि पुढे साडेआठ वर्षांची शिक्षा सुनावली. मापुतोतील खटल्यात डिसेंबर २०२२ मध्ये अकरा जण दोषी ठरले. त्यांत माजी राष्ट्राध्यक्ष अर्मांदो गेबुझा यांचे पुत्रही होते. क्रेडिट सुईसने २०२१ मध्ये गुन्ह्याची कबुली देत अमेरिका आणि ब्रिटनमधील यंत्रणांशी सुमारे साडेसत्तेचाळीस कोटी डॉलरची तडजोड केली.

या प्रकरणात भ्रष्टाचार हा केवळ एका देशाचा दुर्गुण ठरत नाही. मापुतोत सही करणारा होता, तसा लंडनमध्ये कर्ज मंजूर करणारा आणि आखातात नौका विकून दलाली वाटणारा पुरवठादारही होता. नाक्याच्या आतला आणि बाहेरचा असे दोघे मिळाले की मधल्या जनतेला विचारण्याचे कारणच उरत नाही. कर्जाचा भार मात्र तिच्याच शाळांवर आणि औषधांवर पडला. यातही एक नोंद आशेची आहे. मोझांबिकच्या घटनात्मक परिषदेने २०१९ आणि २०२० मध्ये या हमींना अवैध ठरवले. स्थानिक नागरी संघटनांनी चिवटपणे लढा दिल्यामुळे ते शक्य झाले.

जेथे पहिली गोळी झाडली गेली

फ्रेलिमोच्या मुक्तिलढ्याची पहिली गोळी १९६४ मध्ये काबो देल्गादोतील शाय या ठिकाणी झाडली गेली. त्याच प्रांतातील मुएदा येथे १९६० मध्ये पोर्तुगीजांनी निदर्शकांवर गोळीबार केला होता. स्वातंत्र्याची किंमत ज्या भूमीने आधी मोजली, ती भूमी स्वातंत्र्यानंतर 'विसरलेला प्रांत' म्हणून ओळखली जाऊ लागली. नियासा कंपनीच्या काळात तेथे शाळा नव्हत्या. नंतरही त्या पुरेशा झाल्या नाहीत.

२००९ मध्ये तेथील माँतेपुएझ भागात माणकांचा मोठा साठा सापडला. सवलत मिळालेल्या कंपनीत ब्रिटिश खाण उद्योगाबरोबर सत्ताधारी पक्षाच्या एका ज्येष्ठ सेनानीशी संबंधित कंपनी भागीदार झाली. हाताने खणून पोट भरणाऱ्यांना २०१७ च्या आरंभी हजारोंच्या संख्येने तेथून पिटाळण्यात आले. मारहाणीच्या आणि हत्यांच्या आरोपांवरून लंडनमध्ये दाखल झालेले दावे त्या ब्रिटिश उद्योगाने २०१९ मध्ये जबाबदारी न स्वीकारता ५८ लाख पौंड देऊन मिटवले. किनाऱ्यावर वायुप्रकल्पासाठी अफुंगी द्वीपकल्पातील शेकडो कुटुंबे उठवली गेली. मच्छीमारांचा समुद्र त्यांच्यापासून दूर गेला.

५ ऑक्टोबर २०१७ रोजी मोसिंबोआ दा प्राया येथील पोलीस ठाण्यांवर तरुणांच्या सशस्त्र टोळीने हल्ला केला. त्यांची भाषा धर्मयुद्धाची होती आणि दोन वर्षांत इस्लामिक स्टेटने त्यांना आपले म्हटले. त्यांनी गावकऱ्यांचे शिरच्छेद केले, मुले-मुली पळवल्या. त्या क्रौर्याचे समर्थन कोणत्याही दारिद्र्याने होत नाही. पण अशा टोळ्यांना भरतीसाठी तरुण कोठून मिळतात, हा प्रश्न उरतोच. ज्यांनी राज्य कधी शिक्षक किंवा परिचारिकेच्या रूपात पाहिले नाही, पोलीस आणि खाणीचा पहारेकरी एवढ्याच रूपांत पाहिले, त्यांच्यात ती मिळतात. २४ मार्च २०२१ रोजी पाल्मा शहरावर हल्ला झाला आणि फ्रान्सच्या टोटल एनर्जीजने सुमारे २००० कोटी डॉलरचा प्रकल्प थांबवला. तो चार वर्षांहून अधिक काळ बंद राहिला. रवांडाचे सैन्य आणावे लागले. या संघर्षात सहा हजारांहून अधिक माणसे मारली गेली आणि सर्वाधिक झळ बसली त्या काळात दहा लाखांच्या आसपास लोक विस्थापित झाले.

बोत्स्वानाचे वेगळेपण

नाकेदार राज्य हेच विधिलिखित असते, तर बोत्स्वानाही त्याच वाटेने गेला असता. स्वातंत्र्याच्या वेळी तेथे अवघे बारा किलोमीटर डांबरी रस्ते होते. ब्रिटिशांना त्या कोरड्या मुलखात इतका थोडा रस होता की त्याची राजधानीही देशाच्या हद्दीबाहेर, माफेकिंगला होती. या उपेक्षेचा एक अनपेक्षित लाभ झाला. नाके फारसे बांधलेच गेले नाही आणि त्स्वाना टोळ्यांच्या 'क्गोत्ला' या उघड्या सभा टिकून राहिल्या. तेथे प्रमुखाला लोकांसमोर बसून टीका ऐकावी लागे.

१९६७ मध्ये ओरापा येथे हिरे सापडले. ते बांगवातो टोळीच्या मुलखात होते आणि राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा स्वतः त्याच टोळीच्या राजघराण्यातील होते. खनिजांचा हक्क टोळीकडे राहता, तर सर्वात मोठा लाभ त्यांच्याच घराण्याला होता. त्यांच्या सरकारने कायदा करून तो हक्क राष्ट्राकडे घेतला. पुढे खाण कंपनीत सरकारचा हिस्सा निम्म्यापर्यंत वाढवला आणि आलेला पैसा रस्ते, शाळा, दवाखाने यांवर अंदाजपत्रकातून, उघड चर्चेने खर्च झाला.

बोत्स्वानाचे गुणगान करण्यातही सावधगिरी हवी. लोकसंख्या थोडी होती, वसाहतकऱ्यांशी युद्ध करावे लागले नाही, शेजाऱ्याने बंडखोर पोसले नाहीत. तेथेही उत्पन्नातील विषमता तीव्र आहे, कलहारीतील सान लोकांना त्यांच्या भूमीतून हटवल्याचा डाग आहे आणि हिऱ्यांची मागणी घटल्याने तिजोरीवर ताण आहे. याच ताणामुळे २०२४ मध्ये मतदारांनी सत्ताधारी पक्षाला घरी पाठवले. दोन देशांतील खरा फरक येथे दिसतो. संकट दोन्हीकडे आले. एकीकडे मतदाराला नाकेदार बदलता आला, दुसरीकडे आला नाही. मोझांबिकमध्ये पक्ष, राज्य, सैन्य आणि उद्योग यांची वीण इतकी घट्ट झाली आहे की सत्ता गमावणे म्हणजे मिळकत, संरक्षण आणि कदाचित स्वातंत्र्यही गमावणे. म्हणूनच तेथे निवडणूक हरणे सत्ताधाऱ्यांना परवडत नाही.

गोव्याचा हिशेब

गोवाही त्याच साम्राज्याचा भाग होता आणि त्याचेही एक नाके होते. पोर्तुगीज राजवटीने कायमस्वरूपी म्हणून वाटलेल्या खाण सवलती १९६१ नंतरही चालू राहिल्या. त्यांचे रूपांतर भाडेपट्ट्यांत करण्यासाठी १९८७ चा कायदा यावा लागला. बेकायदा खाणकामाचा पर्दाफाश करणारा शहा आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या आणि २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले. म्हणजे नाकेदारीचा मोह येथेही सुटला नव्हता. फरक एवढाच की येथे हिशेब मागणाऱ्याला जाण्यासाठी दार होते. स्वयंसेवी संस्था न्यायालयात जाऊ शकली, आयोग कागद मागवू शकला आणि १९६३ पासून मतदार सरकारे बदलत आले. खाणी बंद झाल्याने हजारो कुटुंबांच्या चुली विझल्या, ते दुःख खरे आहे. पण त्यावरून कोणी बंदूक उचलली नाही, कारण भांडणाला वेगळी जागा उपलब्ध होती.

दुसरा दुवा आजचा आहे आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. टोटल एनर्जीजच्या नेतृत्वाखालील त्या वायुप्रकल्पात ओएनजीसी विदेश, ऑइल इंडिया आणि भारत पेट्रोलियमची उपकंपनी यांचा मिळून ३० टक्के हिस्सा आहे. चालक कंपनीच्या हिश्शापेक्षाही तो मोठा आहे. या सार्वजनिक कंपन्या आहेत, म्हणजे त्यांत भारतीय करदात्याचा पैसा आहे. तेव्हा अफुंगीच्या उठवलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन कसे झाले, प्रकल्पाच्या रखवालदारांवर कोणाचे नियंत्रण आहे, वायूचे उत्पन्न कोणत्या खात्यात आणि कोणाच्या देखरेखीखाली जमा होणार, हे प्रश्न मापुतोत विचारले जावेत तसे ते दिल्लीतही विचारले गेले पाहिजेत. नाक्याबाहेरचा माणूस आता लिस्बनचा राहिलेला नाही. तो कदाचित आपणच आहोत.

वसाहतोत्तर राज्ये दुबळी होतात ती स्वातंत्र्यामुळे नव्हे, तसेच केवळ परक्यांच्या पापामुळेही नव्हे. लुटीसाठी बांधलेले नाके मोडून त्या जागी हिशेब देणारे शासन उभे करण्याचे काम अर्धवट राहिले, की मुक्तिदाताच हळूहळू नाकेदार होतो. डॅनिएल शापो हे मोझांबिकचे स्वातंत्र्यानंतर जन्मलेले पहिले राष्ट्राध्यक्ष आहेत. मार्च २०२५ मध्ये त्यांनी व्हेनान्सिओ मोंडलाने यांची भेट घेतली, ही सुरुवात चांगली होती. त्या वायुप्रकल्पाचा पैसा यायला अजून अवधी आहे. तो कोणत्या खात्यात जाणार आणि त्याचा हिशेब कोण तपासणार, हे पैसा येण्याआधीच ठरले, तर पाल्माच्या मच्छीमाराला स्वातंत्र्याचा अर्थ पन्नास वर्षांनी का होईना कळेल.